तिसरी टेकडी

माणसांनी माळावर पहिली पायवाट पाडली, त्याच्याही आधीची ही गोष्ट. तिथे सात सातभाई पक्षी राहायचे. सहाजण पाचोळ्यात किडे शोधायचे आणि एकजण बाभळीच्या शेंड्यावर बसून पहारा द्यायचा. ही त्यांची जुनी रीत.

एकदा धाकट्या भिरूची पाळी आली. कंटाळून त्याने लांबलचक शीळ घातली. तर काय! समोरच्या टेकडीवरून अनोळखी पाखरं ओरडली, "भले शाब्बास! अजून एक!"

भिरूची पिसं फुलली! त्याने गिरकी घेऊन दुसरी शीळ घातली. आता दोन टेकड्यांवरून शाबासकी आली. तेव्हापासून तो सगळ्यांच्याच पाळ्या मागून घेऊ लागला.

"अरे, चार किडे तरी खा," थोरली ताई म्हणायची.

"थांब गं ताई, तिसरी टेकडी अजून बोललीच नाहीये!"

एका सकाळी शिक्रा झेपावला, तो थेट भिरूवरच. भिरूने पाहिलं तेव्हा त्याची नखं पिसांत शिरली होती. "शिक्रा! धावा, धावा!" तो जिवाच्या आकांताने किंचाळला.

टेकड्या दणाणल्या. तिसरीसुद्धा! "आज काय सूर लागलाय! पुन्हा एकदा!"

खालून मात्र सहा भावंडं कलकलाट करत उसळली आणि शिक्र्यावर तुटून पडली. चोची, पंख, नुसता धुरळा! शेवटी भिरूची दोन पिसं घेऊन शिक्रा पळाला.

दुसऱ्या दिवशी भिरू पुन्हा शेंड्यावर बसला. टेकड्यांवरून हाका आल्या, "आज काय नवीन?"

"शूऽऽ!" आभाळावरची नजर न हलवता भिरू म्हणाला, "माझी भावंडं जेवतायत."