दवाखान्याचं टाळं आणि कुंभाराची सून

"...आणि तो म्हाताऱ्यांचा दवाखाना म्हणे राजा उद्यापासून—"

एवढंच हौसाच्या कानावर पडलं, आणि नेमकं त्याच वेळी पलीकडच्या बाईने गोधडी दगडावर दणादणा आपटायला घेतली! पुढचं सगळं पाण्यात!

हौसा घाटाच्या पायऱ्या चढेपर्यंत निंबारगावाने ती बातमी आपापल्या परीने पुरी करून टाकली. कुणी म्हणे, दवाखाना पाडणार. कुणी म्हणे, तिथं हत्ती बांधणार. कुणी तर वैद्यबुवांनाच हत्तीच्या पायी देऊन मोकळं झालं!

हौसा म्हणजे गेनूबा कुंभाराची सून. गेनूबाला जुना दमा. वैद्यबुवांचा काढा पोटात गेला की म्हातारा चाकावर बसून गाणी म्हणायचा. नाही गेला की छातीचा नुसता भाता. दवाखाना गेला तर मामंजीही गेलेच! आणि अर्धी बातमी घेऊन मुकाट घरी जाईल अशी बाई अजून जन्माला यायचीय. हौसाने धुण्याची बादली तिथंच ठेवली आणि ओल्या पदरानेच राजवाडा गाठला.

"तुला कुणी पाठवलं गं?" राजा भानुसेनाने विचारलं.

"अर्ध्या बातमीनं पाठवलं, महाराज. उरलेली अर्धी न्यायला आलेय!"

राजाला हसू आलं, पण दाजिबा प्रधानांनी घसा खाकरला. "दवाखाना बंद होणार. वैद्य, काढे, विहिरींतला गाळ उपसणं, कशाला हवी ही उठाठेव? आमच्या आज्या-पणज्यांच्या काळी यातलं काही नव्हतं, तरी माणसं शंभरी गाठायची! आता बघा, जरा वारा लागला की आडवी."

"काहीतरीच! आमच्या आळीत घरटी एक म्हातारा खोकतोय. माणसं आता जास्त जगतात, महाराज!"

"मग सिद्ध कर," राजा म्हणाला. "पण कुणाला वय विचारायचं नाही! काल मी विचारून बघितलं. न्हावी म्हणाला शंभर, तेली म्हणाला सव्वाशे, आणि एक म्हातारी म्हणाली, समोरचा डोंगर तिच्या बारशाला एवढुसा होता! उद्या दुपारपर्यंत सिद्ध कर, नाहीतर दवाखान्याला टाळं!"

वय न विचारता वय सांगायचं! हौसा डोकं धरून घरी आली. गेनूबाला हकिगत सांगितली, तर म्हातारा प्रधानांच्याच बाजूने!

"खरंय त्यांचं! आमच्या वेळची माणसं म्हणजे काय, लोखंड!"

"मग मामंजी, तुमचे आजोबा किती वर्षं जगले हो?"

"त्यांना मी कुठं बघितलंय! मी आईच्या पोटात असतानाच गेले. म्हणून तर त्यांचं नाव मला ठेवलं." एवढ्यात अंगणात नातू कच्च्या मडक्यात बेडूक सोडताना दिसला. "ए मोत्या! हात काढ तिथनं! ...काय मेलं नाव ठेवलंय पोराचं! कुत्र्याला बरं दिसेल. घराण्यातलं चांगलं नाव होतं की!"

हौसा एकदम थबकली. मग जी हसत सुटली ती थांबेना. म्हातारा म्हणाला, "आता हिलाच वैद्याकडे न्यायला पाहिजे!"

दुसऱ्या दिवशी दरबार खच्चून भरला. मजा बघायला अंगणात पोराटोरांची ही गर्दी!

"महाराज," हौसा म्हणाली, "ज्यांना ज्यांना आपल्या आजोबांचं नाव आहे, त्यांनी जरा उभं राहावं."

सरदार उभे राहिले, कारकून उभे राहिले, पुरोहित उभे राहिले. दाजिबा प्रधानही उठले. राजा म्हणाला, "मीही उठू का? आमचे आजोबाही भानुसेनच!"

"उठा की, महाराज!" मग ती अंगणाकडे वळली. "पोरांनो, आता तुमच्यातल्या ज्यांना आजोबांचं नाव आहे त्यांनी हात वर करा रे!"

कुठंतरी एखादा हात वर आला. बाकीच्यांचा एकच कालवा. "मी गुलाब!" "मी पोपट!" "मी फुलचंद!" "मी मोती, आणि माझा बेडूक हरवलाय!"

"यात काय सिद्ध झालं?" प्रधान फणकारले. "नव्या लोकांची नवी खुळं!"

"असेल बाई. तुमच्या नातवाचं नाव काय ठेवलंत, प्रधानजी?"

"हिरालाल."

"अगंबाई! घराण्यातलं दाजिबा का नाही ठेवलं?"

"वा गं वा!" प्रधान उसळले. "ते ठेवायला मी मेलोय का अजून?"

सगळ्यांच्या माना प्रधानांकडे वळल्या.

"हेच म्हणत होते मी!" हौसाने हात जोडले. "जिवंत आजोबाचं नाव नातवाला कुणी ठेवत नाही. ठेवलं तर सुनेनं पोराला हाक तरी कशी मारायची? 'अहो मामंजी, शेंबूड पुसा' म्हणून? महाराज, तुम्ही सगळे उभे आहात, कारण तुमचे आजोबा नातवाचं बारसं बघायला उरले नाहीत. आणि या पोरांचे आजोबा बारशाला आले, घुगऱ्या खाल्ल्या, वर नाव आवडलं नाही म्हणून रुसूनही बसले! ते काही मेलेलं माणूस करत नाही!"

राजा असा हसला, असा हसला, की मुकुट घरंगळत पार प्रधानांच्या पायाशी गेला. तो उचलता उचलता प्रधानही हसू लागले. "महाराज, जिवंत असल्याबद्दल एवढी नाचक्की आजवर कुणाची झाली नसेल!"

राजाने हौसाला जरीकाठी लुगडं दिलं, मडकी वाहायला बैलगाडी दिली, आणि नदीपलीकडच्या गावांसाठी आणखी एक दवाखाना काढायचा हुकूम सोडला. वर गावातल्या सगळ्या आजी-आजोबांना वाड्यावर जेवायचं आमंत्रण!

आता, दवाखाना बंद होणार ही आवई अगदीच खोटी निघाली असं म्हणता येणार नाही. पंगतीच्या दुसऱ्या दिवशी तो खरोखरच बंद होता. दारात सगळे म्हातारे पोट धरून उभे, आणि आत वैद्यबुवाच पंगतीतल्या जिलब्या जास्त झाल्याने खाटेवर आडवे!