लव्हाळीचे पाय

नद्यांना अजून नावं पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. एका डोहात लव्हाळी नावाची पाणमांजर राहायची. तिचं निम्मं आयुष्य सरलं होतं, तरी अख्खा डोह ती दहा वेळा पोहून जायची आणि तिला दम लागायचा नाही.

एका उन्हाळ्यात डोह आटू लागला. दुसरं पाणी टेकडीपलीकडच्या तळ्यात होतं. "पळत जाऊन बघते," म्हणत लव्हाळी सुसाट सुटली. टेकडी निम्मीही चढली नव्हती, तोच तिचे पाय आखडले, तळवे सोलवटले आणि ती कोसळली. तिला धक्काच बसला.

तिथली म्हातारी मुंगसीण धावत आली. लव्हाळी म्हणाली, "मावशी, मला जरासुद्धा दम लागलेला नाही. मग पाय का उचलत नाहीत?"

"अगं, पोहून तुझी छाती तयार झाली, पाय नाहीत. आजवर तुझा भार पाण्यानेच उचलला. बरी झालीस की डोहाजवळच्या बाभळीपर्यंत पळ आणि चालत परत ये."

"एवढंसंच? तिथवर तर बेडूकसुद्धा जातो!"

"जाऊ दे त्याला."

लव्हाळीला लाज वाटली, पण तिने ऐकलं. काही दिवस बाभळीपर्यंत, मग जरा पुढच्या वारुळापर्यंत, मग आणखी थोडं पुढे. छाती आणखी पळ म्हणायची, तरी ती थांबायची.

डोहात नुसता चिखल उरला, त्या सकाळी ती निघाली. थोडं पळत, थोडं चालत तिने टेकडी ओलांडली. समोर तळं चमकत होतं. तिचा विश्वासच बसेना. घसा कोरडा पडला होता, तरी पाण्यात न उतरता ती कितीतरी वेळ आपल्या चार पायांकडे डोळे विस्फारून बघत बसली.