खट् वाजणारा पाट

एका गावात एक शाळा होती आणि त्या शाळेत एक पाट होता. सागवानी, ठेंगण्या पायांचा, पण एक पाय नखभर आखूड. बसणारा जरा हलला की पाट खट् वाजायचा.

शाळेची वार्षिक परीक्षा याच पाटावर होई. मुलानं मांडी घालून बसायचं, हात गुडघ्यांवर ठेवायचे आणि साऱ्या गावासमोर पाढा म्हणायचा. पाट वाजला की परीक्षा तिथंच संपली. सलग दोन वर्षं पाट वाजला, तर त्या मुलाचं नाव हजेरीपटातून कायमचं कमी व्हायचं. "अंग स्थिर नाही त्याचं चित्त कुठलं स्थिर?" असं गुरुजी म्हणत आणि गाव माना डोलवी. पाटाचा पाय नीट का करून घेत नाही, हे मात्र कुणी कधी विचारलं नाही.

गुरुजी दुष्ट नव्हते बरं. तीस वर्षं त्यांनी एक दिवस शाळा बुडवली नव्हती, आणि हुशार मुलांचं कौतुक करताना त्यांचे डोळे भरून येत. बाकीच्या मुलांसाठी त्यांच्याकडे तो पाट होता.

त्या गावात गवंड्याची एक मुलगी होती. तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी कधी कुणाला दिसलीच नाही. घरी अंगणात फिरता फिरता ती आईला सगळं सांगे, पण शाळेत मांडी घालून बसली की तिच्या डोक्यातलं सगळं पुसून जाई. एका वर्षी परीक्षेत 'सतरा दुणे'पर्यंतच ती पोचली आणि पाट वाजला. लोक हसले. गुरुजींनी तिच्या वडिलांना सांगितलं, "आणखी एक वर्ष बघू. पुढच्या परीक्षेला वाजला तर माझा इलाज नाही."

घरी आल्यावर भिंगरीनं आईला विचारलं, "आई, मी ढ आहे का गं?" आईनं पोरीला जवळ घेतलं.

गावाबाहेर दोर वळणाऱ्या एका मावशीचं आवार होतं. दोर वळायला लांबच लांब जागा लागते. एका टोकाला वाख, म्हणजे अंबाडीच्या धाग्यांचा झुपका, बांधायचा आणि त्याला पीळ देत देत उलट्या पावलांनी मागे जायचं. मावशी दिवसभर अशी मागे मागे चालायची. नवऱ्याबरोबर बाजारोबाजार दोर विकत फिरताना, दुकानांवरच्या पाट्या वाचून ती लिहायला-वाचायला शिकली होती. तिला कुणी शिकलेली म्हणत नसे, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे.

बसलं की पोरीला काही आठवत नाही, हे सांगायला आई भिंगरीला घेऊन तिच्याकडे गेली. मावशीनं पोरीकडे बघितलं. पोरगी बोलता बोलता आवाराला दोन फेऱ्या मारून आली होती.

"हिला बसवता कशाला? मला तर चालणारीच पायजे," मावशी म्हणाली आणि दोराचं एक टोक तिच्या हातात दिलं. "एकेक पाऊल मागं जायचं. दर पावलाला सतरा पीळ. किती झालं ते मोठ्यानं सांगत जा."

भिंगरी मागे मागे चालू लागली. सतरा, चौतीस, एक्कावन्न, अडुसष्ट. दोर लांबत गेला तसा पाढाही लांबत गेला. टोकाला पोचल्यावर आपण काय म्हटलं हे तिच्या लक्षात आलं आणि ती उभ्या जागी रडायला लागली. मावशीनं तिला रडू दिलं, मग म्हणाली, "चल, दुसरा दोर घे."

हळूहळू आणखी दोन-तीन मुलं तिथं येऊ लागली. कुंभाराच्या मुलाला पाटीवरची अक्षरं नाचताना दिसत. मावशीनं त्याला दोरीचे तुकडे दिले. तो मातीत दोरीचा 'क' मांडायचा, डोळे मिटून त्यावर बोट फिरवायचा आणि मगच वाचायचा. गाव या सगळ्याला 'दोरांची शाळा' म्हणून चिडवत असे.

वर्ष सरत आलं तशी आई काळजीत पडली. पाढे सगळे येत होते, पण परीक्षा पाटावरच होती. भिंगरीनं घरी बसून म्हणायचा सराव करून पाहिला. बसली की डोकं पुन्हा कोरं.

परीक्षेच्या दिवशी सगळा गाव शाळेत जमला. गुरुजी हात पाठीमागे बांधून खोलीभर येरझारा घालत एकेका मुलाला पाढा विचारत होते. भिंगरीचं नाव आलं. ती पाटावर बसली, गुडघे हातांनी दाबून धरले. "सतरा एके सतरा. सतरा दुणे..." ती जराशी हलली आणि पाट खट् वाजला.

गुरुजींनी हजेरीपट उघडला. त्यांनाही वाईट वाटलं असावं, कारण लेखणी उचलायला त्यांनी वेळ लावला. तेवढ्यात दारातून मावशी म्हणाली, "गुरुजी, राग मानू नका. येक डाव तुमी बसा की या पाटावर."

लोक चपापले. "मी? कशाला?" गुरुजींनी विचारलं.

"सतराचा पाढा म्हणून दावा. तीस वर्सं शिकवताय, तुमाला काय अवघड? पर बसून म्हणा. आता चालत हुता, तसं न्हाई."

गुरुजी हसले आणि पाटावर मांडी घालून बसले. सतरा एकेपासून अडुसष्टपर्यंत ठणठणीत आवाजात आले. मग आवाज जरा अडखळला. त्यांची पावलं आतल्या आत चुळबुळ करू लागली. सतरा पाचे... ते थांबले. हा पाढा त्यांनी हजारो वेळा म्हटला होता, पण बसून एकदाही नाही. पाट खट् वाजला.

कुणी हसलं नाही. गुरुजी प्रामाणिक माणूस होते, म्हणून मग उठले, पाट स्वतःच्या हातांनी बाजूला सरकवला आणि म्हणाले, "भिंगरे, तुला जसं येतं तसं म्हण."

भिंगरीनं दोर धरावा तशा मुठी वळल्या आणि ती उलट्या पावलांनी चालू लागली. लोक बाजूला होऊन वाट देत गेले. सतराचा संपला तेव्हा ती दाराबाहेर होती, अठराचा संपला तेव्हा पाराजवळ, आणि एकोणिसाचा पाढा तिनं विहिरीला वळसा घालून पूर्ण केला. वडील धावत तिच्यामागे गेले. आई जागेवरच बसून रडत होती.

गावच्या पाटलांना उत्साह आला. "उद्यापासून सगळ्या पोरांना उलटं चालवा," ते म्हणाले.

"नको, पाटील," मावशी म्हणाली. "ह्या कुंभाराच्या पोराला चालाय लावलं की त्यो आकडंच इसरतो. ह्याला बसूनच येतंय. आदी पोराला इचारा, मग काय ते ठरवा."

गुरुजी मात्र जुने हजेरीपट चाळत होते. तीस वर्षांत खोडलेली नावं त्यांनी एकेक करून वाचली. बावीस निघाली. पट काखेत मारून ते तसेच बाहेर पडले आणि पहिल्या नावाच्या घरी गेले.

पहिलं नाव सोपानचं होतं. तो आता गावचा सुतार होता, डोक्याला टक्कल पडलेला, दोन मुलांचा बाप. बैलगाडीचं चाक बसवत होता. दारात गुरुजींना पाहताच तो चटकन उठला, मान खाली घातली आणि उजवा हात उलगडून पुढे धरला, छडी खायला धरतात तसा.

"काय चुकलं गुरुजी माझं?" त्यानं विचारलं.

गुरुजींनी तो राठ हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"तुझं नाही रे," ते म्हणाले. "माझं चुकलं."

तात्पर्य: मुलाला येत नाही असा शेरा मारण्याआधी, त्याला येईल अशा रीतीनं आपण शिकवून पाहिलं का, हे स्वतःला विचारावं, कारण तो शेरा मूल जन्मभर खरा मानतं.