बाभळीची पट्टी

नद्या सोन्याचे कण वाहून आणीत, त्या काळी वाळू धुऊन सोने काढणाऱ्या गोंदाजी झारेकऱ्याच्या लाकडी पन्हळीत सोने अडवायला दोन आडव्या पट्ट्या होत्या. सागाची गुळगुळीत पट्टी सारे वाहू देई. बाभळीची आपल्या भेगांतसुद्धा कण घट्ट धरून ठेवी.

“बाई गं, कशाला एवढी झिजतेस?” सागाची हसे.

“धन्याला पारख आहे!”

हंगाम सरला. बाभळीच्या चमकत्या भेगा पाहून गोंदाजी हरखला आणि बायकोला म्हणाला, “हिच्यात पुष्कळ सोनं मुरलंय गं. जाळ हिला, राखेतून काढू.”

“आणि ही सागाची?”

“तिच्यात काहीच नाही. नीट पुसून ठेव, पुढच्या वर्षी लागेल.”

बाभळीच्या पट्टीला धन्याची पारख समजली, तेव्हा चूल पेटली होती.