मंचकावरची राखण

पूर्वी सुवर्णवती नगरीत रेणुमित्र राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व क्षेमक नावाने त्याचा अमात्य होता. हा क्षेमक राजपुरोहित पिंगलाच्या डोळ्यांत सलत असे. आणि का सलू नये? राजाने चंदनाचा नवा मंचक करवून घेतला होता. त्यावर राजाशेजारी एकच जागा होती, आणि उभा जन्म राजवाड्यात झिजलेल्या पिंगलाला डावलून ती क्षेमकाला मिळणार, अशी कुणकुण होती. पिंगलाला अन्न गोड लागेना.

शेवटी त्याने भरसभेत डाव टाकला. "महाराज, हा साळीच्या शेतात माचावर बसून पोपट हाकलत वाढला. मंचक म्हणजे काय, हे याला विचारून तरी पाहा."

सभा हसली. पिंगलाला आतून गुदगुल्या झाल्या.

राजाने विचारले. क्षेमक रागावला नाही. तो म्हणाला की हा शब्द राजवाड्यातला नाहीच. शेतात चार खांब रोवून वर फळ्या टाकतात आणि राखणदार बसतो, तो मंच. शेतकरी त्यालाच माच म्हणतात. पुढे तो राजांच्या घरी आला, त्याला कोरीव पाय आले, गाद्या आल्या, आणि ही जागा मुळात राखणीची, हे लोक विसरले.

"उंच बसायचे ते लांबवरचे दिसावे म्हणून, महाराज. लोळायला नव्हे."

राजाने त्याला हाताला धरून मंचकावर बसवले. पिंगलाच्या अंगाचा तिळपापड झाला. हा प्रश्न त्यानेच तर विचारायला लावला होता.

पण क्षेमक फार वेळ बसला नाही. शेतातली रीत अशी, की पाळी बदलताना उतरणाऱ्याने चढणाऱ्याला हात द्यायचा. त्याने राजाची अनुमती घेतली, तो खाली उतरला आणि पिंगलापुढे हात केला.

"माझी पाळी झाली, आचार्य. आता तुमची. हे शेत तुम्ही माझ्याआधीपासून राखता आहात."

पिंगलाला तो हात झिडकारायचा होता. पण क्षेमकाचा हात मागे जाईना. अखेर पिंगलाने तो धरला आणि वर चढला. वरून त्याला सभेच्या पार मागे, दाराशी सकाळपासून तिष्ठत असलेली माणसे दिसली. इतकी वर्षे ती त्याला दिसलीच नव्हती. त्याने त्यांना पुढे बोलावले.

विहारात जमलेल्या भिक्षूंना एवढी गोष्ट सांगून त्यांचे गुरू, शास्ता, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे आपल्याला हा विहार देणारा श्रेष्ठी. क्षेमक मी होतो. आणि पिंगल आज पुढचे आसन मिळाले नाही म्हणून रुसून दाराशी बसला आहे."

दाराजवळच्या भिक्षूने मान खाली घातली. शास्ता आपल्या आसनावरून उठले, त्याच्यापाशी गेले आणि त्यांनी हात पुढे केला. आपली जागा दुसऱ्याला देणे, ही दानपारमिता, म्हणजे दानाची परिपूर्णता.