लाल रंगाचा एक थेंब

फार वर्षांपूर्वी मंदाकिनीबाईंच्या कपाटात लाल रंगाची इवलीशी बाटली होती. शेजारच्या खोक्यात प्लास्टिकच्या मोटारसायकलचे सुटे भाग पडून होते. "तुझी टाकी मीच रंगवणार," लाल रंग तिला म्हणे. वाट पाहता पाहता तो घट्ट होत गेला.

निवृत्त झाल्यावर मंदाकिनीबाईंनी एकदाचे भाग जोडले. बाटलीत टर्पेंटाइन घालून ढवळलं, तर जेमतेम थेंबभर रंग सुटला. टाकी नव्या आणलेल्या निळ्या रंगाला मिळाली. लालच्या वाट्याला मागचा दिवा आला.

"टाकी राहिलीच गं," तो हळहळला.

"मला वळून पाहता येत नाही रे," मोटारसायकल म्हणाली. "मागे काय दिसतंय?"

"खिडकी. पलीकडे उतारावरून जाणारा रस्ता."

"रस्ता?" तिने विचारलं. "सावकाश सांग. सगळं सांग."

लाल रंग सांगू लागला.