काही न घेणारा कारभारी

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नावसुद्धा आता कुणाला आठवत नाही.

त्या राज्यातले गावोगावचे कारभारी भारी खादाड होते. कुणाची कोंबडी, कुणाचं तूप, काही म्हणून सोडत नसत. शेवटी राजा वैतागला. त्याने राजधानीत कारभाऱ्यांची शाळा काढली. तिथे पाणी वाटून द्यायला शिकवत, भांडणं मिटवायला शिकवत आणि रोज सकाळी एकच धडा घोकून घेत, "कुणाकडून काही घेऊ नये."

त्या शाळेत पहिला आलेला तरुण डोंगरापलीकडच्या एका गावचा कारभारी झाला. गावाच्या वरच्या अंगाला मोठा तलाव होता. त्याच्या बांधाला कारभाऱ्याच्या हुकमाशिवाय कुणी हात लावायचा नाही, असा कायदा होता. तरुणाला गावात ओळखीचं कुणी नव्हतं. पण या गावाचं भलं करायचं, हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

आता त्या गावाची एक रीत होती. कुणाच्या दारी रिकाम्या हाताने जायचं नाही. नुसतं बोलायला गेलं तरी चार बोरं, मूठभर शेंगा हातात हव्यातच. ही रीत शाळेत कुणी शिकवली नव्हती. शिकवणार तरी कोण? गुरुजी त्या गावाला कधी गेलेच नव्हते!

पहिल्याच दिवशी एक कुंभार शेंगा घेऊन आला.

"मी काही घेत नसतो," कारभारी म्हणाला. "घेऊन जा."

कुंभार आल्या पावली परतला. बोलायचं ते तसंच राहिलं. मग सुतार आला, गुराखी आला. सगळ्यांची तीच गत झाली. हळूहळू माणसं यायचीच थांबली.

संध्याकाळी कारभारी ओट्यावर एकटाच बसे. समोरच्या घरांतून हसण्याचे आवाज येत. आपण कुणाचं वाईट केलं नाही, मग आपल्याकडे कुणी का फिरकत नाही, या विचाराने त्याला घास गिळवत नसे.

एकदा बांधाखाली राहणारी म्हातारी टोपलीत दोन भाकरी घेऊन आली.

"कारभारी, जरा बोलायचं होतं."

"आजी, आधी ती टोपली उचला. माझ्या दारात असलं चालत नाही."

म्हातारीचा चेहरा पडला. टोपली उचलून ती निघून गेली.

आठ दिवसांनी भर दुपारी बांध फुटला. माणसं टेकडीवर पळाली म्हणून वाचली. पण उभी पिकं गेली, म्हातारीचं घर गेलं, तिची दुभती शेळी बुडाली.

कारभारी धापा टाकत टेकडीवर पोहोचला. "फुटायच्या आधी बांध पाझरला असेल, ते कुणालाच दिसलं नाही?"

"मला दिसलं होतं," म्हातारी म्हणाली. "तेच सांगायला आले होते, बाबा. तू टोपली पाहिलीस, मला नाही पाहिलंस."

"पण आजी, कुणाकडून काही घ्यायचं नाही, असं..."

"रिकाम्या हाताने कसं यायचं रे कुणाच्या दारी? आणि तू एकटा राहतोस, म्हणून भाकरींना जरा जास्तीचे तीळ लावले होते."

कारभाऱ्याला रडू कोसळलं.

गाव टेकडीवरच नव्याने वसलं, कारभाऱ्याचं घर मात्र खालीच राहिलं. राजाने चौकशी केली. कारभाऱ्याने कुणाचं काही खाल्लं नव्हतं, म्हणून त्याला शिक्षा झाली नाही. तो रोज टेकडी चढून जाई. माणसं उठून उभी राहत आणि त्याला बसायला घोंगडी अंथरत.

"काही अडचण असली तर सांगा," तो म्हणे.

"काही नाही, कारभारी," माणसं म्हणत.

थोडा वेळ बसून तो एकटाच खाली उतरे.

म्हणून लहानथोरांना सांगणं एवढंच: लाच जरूर परत पाठवावी, पण दारी आलेल्या माणसाला त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय परत पाठवू नये.